सोंगाच्या हातची काडी

उन्हाळी शाळेत शिकवायला माणसं पुष्कळ मिळतात. काय शिकवायचं हे ठरवायला मात्र कोणी पुढे येत नाही, कारण त्यात कौतुक शिकवणाऱ्याचं आणि शिव्या ठरवणाऱ्याला. मी आयुष्यभर हे शिव्यांचं खातं सांभाळलं. साठच्या दशकात पालघरला दर मे महिन्यात शिक्षकांसाठी आमची उन्हाळी शाळा भरायची. ठाणे जिल्ह्यातले हायस्कुलांचे मास्तर, क्वचित एखादा कॉलेजचा प्राध्यापक, असे तीसेक जण येऊन राहायचे. बाक भिंतीला लावायचे, खाली सतरंज्या टाकायच्या, की झालं वसतिगृह. वर्ग आणि कार्यशाळांचे प्रस्ताव मागवायचे, चाळायचे आणि समितीच्या गळी उतरवायचे, हे काम माझ्याकडे होतं.

बाहेरच्याला वाटतं, यात कसलं आलंय कसब? पण प्रस्ताव घेऊन येणाऱ्या माणसाला खरंच शिकवायचंय, की नुसतं मन मोकळं करायचंय, हे ओळखावं लागतं. दुसऱ्या जातीचे फार. वसईचे एक गृहस्थ दरवर्षी मौनाचा वर्ग सुचवायचे. तीन आठवडे कोणी बोलायचं नाही. मी म्हटलं, "परीक्षा कशी घेणार?" तर त्यावर ते सबंध सकाळ बोलत बसले. माहीमच्या एका वाडीवाल्या मास्तरांनी पानवेलीवरून अख्खं वनस्पतिशास्त्र शिकवायचा घाट घातला. वर्ग झकास झाला, पण शिबिरार्थींना पानाची चटक लागली आणि शाळेच्या भिंतींचे कोपरे पुढे कितीतरी दिवस लाल राहिले. तारापूरकडे समुद्रकाठी मोठं बांधकाम निघालं होतं, तिथला एक तरुण ओव्हरसियर बोईसरहून येऊन गणिताच्या मास्तरांना स्लाइडरूल शिकवून गेला. तो मला सगळ्यात आवडला. आला, शिकवलं, चहा प्यायला आणि गेला.

दुसरं कसब शब्दांचं. प्रस्तावात खरं लिहिलं तर समिती मंजूर करत नाही, आणि खोटं लिहिलं तर वर्ग उभा राहत नाही. मधली वाट काढणं हाच माझा धंदा होता म्हणा ना. त्या धंद्यातला एक उन्हाळा मी आजवर कुठे लिहिला नाही. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आता आहे का, असं विचाराल तर मी विषय बदलीन.

राऊत नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. काटकुळे, हट्टी, वर्षभर खांद्याला झोळी लावून डोंगरात हिंडणारे. त्या वर्षी होळीनंतर ते जव्हारकडे बोहाडा बघून आले. बोहाडा म्हणजे देवादिकांचे मोठाले मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर गावभर नाचतात तो उत्सव. मुखवट्याला तिकडे सोंग म्हणतात. राऊतांनी तिथला सोंगं करणारा कारागीर गाठला होता आणि त्याला शिकवायला आणायचंच असं ठरवून ते माझ्याकडे आले.

समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब प्रस्ताव ऐकून म्हणाले, "सोंगं? मास्तर लोकांना ती वेगळी शिकवायला हवीत?" सगळे हसले. हसू ओसरायच्या आत मी पुढचं वाक्य वाचलं. "प्रादेशिक नाट्यपरंपरेचा परिचय आणि कल्पनाशक्तीला मुक्त वाव." हे शब्द माझे होते. मुक्त वाव म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती होत नसे. कार्यशाळा मंजूर झाली.

कारागिराचं नाव रावजी. पन्नाशीचा, ठेंगणा, बोलायला अगदी कंजूष. एसटीतून उतरला तो थेट शाळेच्या विहिरीवर गेला, पाय धुतले आणि मग वर्गात आला. आल्या आल्या त्याने अट घातली. "देवाचं सोंग नाय करायचं. ज्याचा मान त्यानंच करायचं ते."

"मग माणसाचं करू," राऊत म्हणाले.

"कोन्या मानसाचं?"

"कोणाचंही. मनात येईल तो चेहरा."

रावजी मान हलवत राहिला. "तसं नाय व्हत. आदी नाव घ्यावं लागतं. ह्यो भीम, ह्यो रावन. नाव घेतलं का मंग मातीला हात लावायचा. बिननावाचं सोंग मी कवा केलं नाय."

"मग या खेपेला करून बघा," मी म्हटलं. एका जुन्या कारागिराला आपण नवी दृष्टी देतोय, अशी माझी समजूत होती. नावं ठरवून दिली तर मुक्त वाव कसला, हाही प्रश्न होताच, कारण तसं लिहून मी मंजुरी घेतली होती.

काम मात्र मजेचं होतं. फळीवर ओल्या मातीचा चेहरा करायचा. रद्दी कागद भिजवून, मेथ्या वाटून आणि चिंचोक्याची खळ घालून लगदा मळायचा आणि मातीवर थापायचा. उन्हात वाळला की आतली माती काढून टाकायची. उरलं ते सोंग. डोळे मात्र कोरायचे नाहीत. "डोळं सोंग घालनाऱ्यानं उगडायचं," एवढं रावजीनं बजावलं. एक गट वर्गात बसला, दुसरा ओसरीवर. भूगोलाचे, इंग्रजीचे मास्तर कोपरापर्यंत चिखलात बुडाले होते आणि शाळा तपासनीस येईल ही भीती विसरून पोरांसारखे खिदळत होते.

सोंगं अंगणात वाळत घातली त्या दुपारी जेवणं आटोपून मी बाहेर आलो. भर बाराची वेळ, सावल्या पायाखाली गेलेल्या. चटईवर चेहरे आभाळाकडे तोंड करून ओळीने पडले होते. मी पहिल्यांदा राऊतांवर चिडलो. म्हटलं, या माणसाने काम उरकायला एकच साचा फिरवलेला दिसतोय.

अरुंद कपाळ. डाव्या भुवईपाशी खोक पडल्यासारखी खाच. नाक किंचित उजवीकडे कललेलं, खालचा ओठ जाड. कुठे गाल भरला होता, कुठे हनुवटी फसली होती, नवशिक्यांचे हात ते. पण माणूस एकच होता. एकाच माणसाची तीस मुलं असावीत असे ते दिसत होते.

"साचा नव्हता," राऊत म्हणाले. "मी स्वतः प्रत्येकाची माती बघितलीय."

मग आम्ही शिकलेल्या माणसांनी करायचं ते केलं, म्हणजे कारण शोधलं. शिकवणाऱ्याचा हात शिकणाऱ्याच्या हातात उतरतो. रावजीनं नमुना करून दाखवला असेल, त्याचीच नक्कल झाली. मला हे एवढं पटलं की मी मोठ्याने हसलो. रावजीला बोलावून त्याचा नमुना मागितला. त्यानं आणून दाखवला. गोल, मिशाळ, गुबगुबीत गालाचा, गावच्या पाटलासारखा चेहरा. अंगणातल्या चेहऱ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

"मी उद्याच्या गाडीनं जातू," रावजी म्हणाला. भीती त्याच्याही तोंडावर होती. त्याला यातलं ठाऊक असेल, उपाय तो सांगेल, अशी माझी आशा होती, ती तिथेच संपली.

आम्ही बोलत उभे असतानाच जमनी विहिरीवर निघाली. ही आमच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मनोरच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची, पंचविशीच्या आतबाहेरची, कामाला वाघ. तीन वर्षांची सोनी तिच्यासोबत यायची आणि तांदळाच्या पोत्यावर झोपायची. जमनी चटईपाशी आली आणि थांबली. हातातला हंडा तिने सावकाश खाली ठेवला. ती ओरडली नाही, दचकली नाही. कामावरून परतलेल्या माणसाला बाई दारातून विचारते, तशा साध्या आवाजात तिने त्या चेहऱ्यांना विचारलं, "कवा आलास?"

त्या उन्हात घाम थंड लागला.

तो चेहरा जमनीच्या नवऱ्याचा होता. ती त्याला सोनीचा बाप म्हणायची, पाड्यावर लखमा म्हणत. गवत कापणाऱ्यांच्या टोळीबरोबर तो गेला, टोळी परत आली, तो आला नाही. वाटेत कुठे उतरला, कोणाबरोबर गेला, जगला की मेला, कोणाला सांगता येईना. दोन पावसाळे उलटले होते. इकडे सरावलीचा काळू नावाचा एक बिगारी जमनीला घर करून द्यायला तयार होता, सोनीसकट. जमनीचंही मन होतं. पण त्यांच्यात बाई अशी मोकळी होत नाही. नवरा मेल्याची खातरी हवी, नाहीतर काडीमोड हवी, म्हणजे नवऱ्याने पंचांसमोर वाळकी काडी मोडून बाईला सोडायची. दोन्ही नसताना गेली तर ती पळालेली बाई, आणि पळालेल्या बाईचं मूल नवऱ्याच्या घरी राहतं. लखमाची आई सोनीला सोडायला तयार नव्हती.

"सोनीला सोडून मी जानार नाय गुरजी," जमनी चुलीपाशी बसून म्हणाली. "आन तिला घेऊन इथं तरी किती जगू? सासू रोज इचारते, माज्या लेकाला तू काय बोललीस म्हनून तो गेला? आता हा असा आलाय. जेवाय मागत नाय, बोलत नाय. नुसता पडलाय उनात."

"जमनी, तो लखमा नाही. कागद आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला माझं वाक्य किती फुसकं आहे ते कळलं.

जमनीने पाड्यावर बातमी नेली आणि दुसऱ्या दिवशी पंच आले. त्यांतला वडीलधारा देवूबाबा, डोळ्यांत पांढुरका सारा पडलेला, हातात काठी. मंडळी चटईभोवती उकिडवी बसली. एकेक सोंग उचलून बघितलं, जागच्या जागी ठेवलं. लखमाची आईही आली होती. तिने एकाच सोंगाच्या भुवईवरून बोट फिरवलं आणि ती तोंडात पदर कोंबून मागे जाऊन बसली. लहानपणी झाडावरून पडून लखमाला तिथे खोक पडली होती, हे मला तेव्हा कळलं.

बराच वेळ कुजबुज चालली. मग देवूबाबा मला म्हणाला, "लखमाच हाय. सोंग त्याचं, तं काडी त्यानं मोडावी. मोडली तं पोर हिची, हिनं न्यावी. आमी आडवं येनार नाय." त्याने म्हातारीकडे बघितलं. तिने मान डोलावली, पण नजर वर केली नाही.

"सोंग घालणार कोण?" मी विचारलं.

लखमाच्या कुळातला चालत नाही, भाऊ होतो. जमनीच्या कुळातला तर नाहीच. काळूचा प्रश्नच नव्हता. गाडी चुकवून थांबलेला रावजी म्हणाला, दुसऱ्यासाठी केलेलं सोंग मी चढवत नाय. राऊत अंगणाच्या कडेला जाऊन कण्हेर बघत उभे राहिले. त्यांना फुलांची एवढी आवड असल्याचं मला ठाऊक नव्हतं.

देवूबाबाने काठी माझ्याकडे रोखली. "गुरजी, तुमी घालायचं."

"मी? माझा काय संबंध?"

"वर्ग तुमी मांडलात. बिननावाचं बोलावनं तुमी धाडलंत. जो मोकळा व्हता तो आला. आता आलेल्याला बाराच्या उनात ठेवून चालंल काय?"

अण्णासाहेबांच्या कानावर गेलं तर काय सांगायचं, हाच विचार आधी डोक्यात आला, खोटं कशाला सांगू. मग जमनी दिसली. सोनीला कडेवर घेऊन ती खांबाला टेकून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी राऊतांकडून त्यांचा छोटा चाकू मागून घेतला.

जमनीने सोंग निवडलं. वाडा गावच्या एका भूगोलाच्या बाईंनी केलेलं होतं ते. मी त्याचे डोळे कोरले. रावजीनं सुतळीने ते माझ्या डोक्यामागे बांधलं. आत मेथ्यांचा कडवट वास होता आणि उन्हाने कागद गरम झाला होता. बाहेरचे आवाज दबून आले, डोकं पाण्याखाली धरल्यावर येतात तसे. दोन भोकांतून मला फक्त जमनी दिसत होती. तिने सोनीला खाली ठेवलं आणि ती समोर येऊन उभी राहिली.

देवूबाबाने कारवीची वाळकी काडी माझ्या हातात दिली. पेन्सिलीहून बारीक. पोरही मोडेल अशी. मी मनात ठरवलं होतं, घ्यायची, मोडायची आणि मोकळं व्हायचं. मी दोन्ही टोकं धरली आणि जोर लावला.

काडी मोडली नाही.

काडी कणखर होती म्हणून नव्हे. जोर माझ्या खांद्यापर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा. बोटं काडीवर होती, पण ती मी धरलेली नव्हती. मी घाबरलो, भयंकर घाबरलो. सोंग काढून टाकावं म्हटलं तर हात वर येईना. कुठेतरी रहाट करकरत होता तो थांबला. म्हातारीने हुंदका दिल्याचं ऐकू आलं.

जमनी एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, ती विनवणी करील. तिने तसं काही केलं नाही.

"दोन पावसाळं मी भाकर झाकून ठेवली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुजी आय झोपली का मी दाराशी बसायची. सोनीला ताप आला तवा तुजंच नाव घेतलं. तू आला नाय. का नाय आला ते मी नाय इचारत. आला नसशील, येता आलं नसंल. मी तुला शाप नाय दिला, आजबी नाय देत." भोकांतून आत, पार आत बघत ती म्हणाली, "पन तू गेलास तवा मला सांगून नाय गेलास. मी सांगून चालली. मोड."

काडी मोडली. कडकन नाही, अगदी हलका आवाज झाला. दोन तुकडे खाली पडले आणि माझे हात एकदम माझे झाले.

रावजीनं सुतळी सोडली. जमनीने सोनीला उचललं, सासूच्या पायांवर घातलं, परत उचललं. म्हातारीने नातीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि बोटं मोडली. मग जमनी फाटकातून बाहेर पडली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पुढे ती काळूबरोबर सरावलीला राहिली. बोईसरच्या बाजारात मला एकदोनदा दिसली, मासळी घेताना, हसताना. सोनी शाळेत जायला लागली होती. लखमा कधी आला नाही, त्याची काही बातमीही आली नाही.

त्या संध्याकाळी मी चटईवरची सोंगं पुन्हा बघितली. एक लांबट होतं, एक चपट्या नाकाचं, एक चक्क आमच्या इंग्रजीच्या मास्तरांसारखं. नवशिक्यांनी केलेले वेडेविद्रे, निरनिराळे चेहरे. मास्तरांनी ते रंगवले आणि हौसेने घरी नेले. जमनीने निवडलेलं तेवढं रावजीनं विहिरीपाशी पाण्यात भिजवून त्याचा लगदा केला आणि खड्ड्यात पुरला. मी समितीला कळवलं, कार्यशाळा उत्साहात पार पडली. राऊतांनी पुढच्या वर्षी नक्षीकामाचा वर्ग सुचवला, तो मी न वाचताच मंजूर करून घेतला.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. पंच निघाले तेव्हा देवूबाबा काठी टेकत माझ्यापाशी आला. मी ओसरीच्या पायरीवर बसून पाणी पीत होतो.

"गुरजी, एक बरं केलंत," तो म्हणाला. "आमी तुमाला सांगायचंच इसरलो व्हतो. नुसती काडी मोडून बाई सुटत नाय. नवऱ्यानं 'जा' म्हनावं लागतं. तुमी म्हनलंत. समद्यांनी ऐकलं, म्हातारीनंबी ऐकलं. तुमाला आमची रीत कोनी सांगितली?"

सोंगाच्या आत मी भीतीने दात आवळून धरले होते. माझ्या तोंडून एक अक्षरही बाहेर पडलेलं नव्हतं.